फोन वाजला की येणारा राग

थेरपी शिकणाऱ्या मुलामुलींशी बोलताना एक गोष्ट सारखी जाणवते. लाइव्ह सुपरव्हिजनची, म्हणजे सेशन चालू असतानाच सुपरव्हायझर काचेमागून बघत सूचना देतात त्याची, भीती वाटते हे सगळे मोकळेपणाने सांगतात, हात गार पडतात, घसा कोरडा पडतो, आदल्या रात्री झोप येत नाही, आणि ऐकणारेही लगेच म्हणतात की होतं गं असं सुरुवातीला, सवय होईल. पण राग येतो असं कुणी म्हणत नाही. आणि येतो हो राग, चांगला सणसणीत येतो. मला यायचा, माझ्या बॅचमधल्यांना यायचा, आणि आता मी काचेच्या दुसऱ्या बाजूला बसते तेव्हा समोरच्या ट्रेनीच्या नुसत्या खांद्यांवरून मला तो कळतो. त्या रागाबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात आहे.

ज्यांचा या क्षेत्राशी संबंध नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. फॅमिली थेरपीच्या ट्रेनिंगमध्ये एका खोलीत कुटुंब आणि शिकाऊ थेरपिस्ट बसतात. भिंतीत एक मोठी काच असते, कुटुंबाच्या बाजूने ती आरसा दिसते आणि पलीकडच्या अंधाऱ्या खोलीतून खिडकी. त्या खोलीत सुपरव्हायझर आणि बाकीचे ट्रेनी बसलेले असतात, माइकवरून त्यांना सगळं ऐकू येत असतं. कुटुंबाला हे आधी सांगितलेलं असतं, त्यांची लेखी परवानगी घेतलेली असते. आणि दोन खोल्यांच्या मध्ये असतो फोन. सेशन चालू असताना तो वाजतो, तुम्ही उचलता, पलीकडून एक वाक्य येतं, "वडिलांनाच किती वेळ विचारतेयस, आजीकडे वळ," आणि फोन ठेवला जातो. कधी तुम्हाला बाहेर बोलावतात, कधी सुपरव्हायझर स्वतःच दार उघडून आत येतात. काही ठिकाणी फोनऐवजी कानात बारीकसं यंत्र असतं, तेही नवीन नाही, कॉर्नर आणि ब्राऊन या दोघांनी त्याबद्दल १९५२ मध्येच लिहून ठेवलंय.

हे सगळं कशासाठी, तर नेहमीच्या पद्धतीत एक मोठी भानगड असते. सेशन होतं, तुम्ही ते आठवून लिहिता, आठवड्याने सुपरव्हायझरला वाचून दाखवता. आठवताना आपल्याला आपलं बरं तेवढंच आठवतं, हे काही कुणी मुद्दाम करत नाही, स्मरणशक्ती तशीच चालते. आणि त्या आठवड्यात ते कुटुंब जिथे अडकलं होतं तिथेच अडकलेलं राहतं. फिलाडेल्फियाच्या चाइल्ड गाइडन्स क्लिनिकमध्ये साल्वादोर मिनुचिन, जे हेली आणि ब्राउलिओ मोंताल्वो या फॅमिली थेरपिस्टनी साधारण १९६० च्या दशकाच्या शेवटी वस्तीतल्याच, हातात मोठी डिग्री नसलेल्या माणसांना फॅमिली थेरपी शिकवायचं ठरवलं तेव्हा प्रश्न अगदी सरळ होता, की नवख्या माणसाच्या हातात कुटुंब द्यायचं तर त्या कुटुंबाचं नुकसान होऊ नये म्हणून कुणीतरी जाणतं माणूस त्याच वेळी तिथे हवं. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत सरांच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो, तसं. म्हणून मी लाइव्ह सुपरव्हिजनच्या बाजूचीच आहे, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कुणाला वाटेल की ही सगळी पद्धतच बंद करा म्हणतेय.

भीतीबद्दल फार लिहीत नाही. रॉबर्ट झायन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये मांडलं होतं की बघणारं कुणी असलं की जे आपल्या अंगवळणी पडलंय ते आणखी चांगलं होतं आणि जे नुकतं शिकतोय ते बिघडतं. ट्रेनीचं तर सगळंच नुकतं शिकलेलं असतं, त्यामुळे काचेसमोर ती गडबडते यात तिचा स्वभाव, आत्मविश्वास, घरचं वातावरण वगैरे काही शोधायची गरज नाही. जसजसं काम हातात बसतं तशी ही भीती खरंच कमी होते. सवय होईल म्हणणारे तेवढ्यापुरते बरोबर आहेत.

रागाचं तसं नाही. तो कामाबरोबर वाढतो. सुरुवातीला फोन वाजला की सुटका झाल्यासारखं वाटतं, कारण पुढे काय विचारायचं हे आपल्याला माहीतच नसतं. राग यायला लागतो तो तुम्हाला थोडं जमायला लागल्यावर, खोलीत काय चाललंय याचा तुम्हाला स्वतःचा एक अंदाज यायला लागल्यावर, तुम्ही एखाद्या शांततेत मुद्दाम थांबलेले असता, तुम्हाला आतून कळत असतं की आता ही बाई बोलणार, आणि नेमका तेव्हाच फोन खणखणतो. मोंताल्वोने १९७३ मध्ये लाइव्ह सुपरव्हिजनवर एक लेख लिहिला, त्यात त्याने स्पष्ट म्हटलंय की नवशिक्याला काही काळ आपण रिमोट कंट्रोलवर चालतोय असं वाटू शकतं आणि हे त्याला आधीच माहीत असावं. कोण किती वेळा मध्ये पडणार, थेरपिस्ट स्वतःहून बाहेर येऊ शकतो का, सूचना पाळायलाच हवी का, हे सगळं दोघांनी आधी बसून ठरवावं असंही त्यात आहे. इतक्या जुन्या काळात इतकं नीट लिहून ठेवलंय. आपल्याकडे मात्र अजूनही कितीतरी ट्रेनी पहिल्या दिवशी नुसत्या "फोन आला की उचल" एवढ्यावर आत जातात.

माझ्या ट्रेनिंगमधलं एक सेशन सांगते, ओळख पटेल असे तपशील सगळे बदललेत. आई, वडील आणि कॉलेजला जाणं बंद केलेली मुलगी. वडील बोलके, तळमळीचे, आणि मुलीला काही विचारलं की तिच्या आधी उत्तर देणारे. बऱ्याच वेळाने ती मुलगी मान खाली घालून म्हणाली, "मला ना खरं तर..." आणि फोन वाजला. मला इतका राग आला की रिसीव्हर उचलताना माझा हात थरथरला. सूचना काय होती ते आज आठवतही नाही. मला थोड्या वेळाने बाहेर बोलावलं, आणि आमच्या सुपरव्हायझर मॅडमनी सेशनबद्दल एक शब्द न बोलता विचारलं, "फोन उचलताना तुला काय झालं?" मी म्हटलं, काही नाही मॅडम. त्या म्हणाल्या, "झालं. इथून दिसलं. राग आला का?" मी हो म्हटलं, आणि म्हणताना मला रडू आलं. त्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "त्या मुलीचं घरी रोज हेच होत असेल का गं?"

मी आत गेले आणि तिला सांगितलं की तू बोलायला लागलीस आणि मध्येच फोन आला, ते मला अजिबात आवडलं नाही, तुला कसं वाटलं? ती आधी वडिलांकडे बघायला लागली, मग म्हणाली, सवय आहे. त्या "सवय आहे"वर आम्ही उरलेलं पूर्ण सेशन बोललो आणि वडील पहिल्यांदा गप्प बसून ऐकत होते.

हेरॉल्ड सर्ल्स नावाचे मनोविश्लेषक अमेरिकेतल्या चेस्टनट लॉज नावाच्या मनोरुग्णालयात काम करायचे, त्यांनी १९५५ मध्ये लिहिलं होतं की पेशंट आणि थेरपिस्टमध्ये जे चाललेलं असतं ते थेरपिस्ट आणि सुपरव्हायझरमध्ये उमटतं, म्हणून सुपरव्हायझरला आतून जे जाणवतं त्याकडे माहिती म्हणून बघावं. हे मी पुस्तकात आधी वाचलेलं होतं आणि परीक्षेत लिहिलंही होतं. पण राग आपल्या अंगात चढलेला असताना कुणीतरी त्याच्याकडे माहिती म्हणून बघतंय, त्यावरून आपल्याला जोखत नाहीये, हे अनुभवलं तेव्हा कुठे ते कळलं. ट्रेनीला त्या खोलीत जे वाटतं ते त्या खोलीतलंच काहीतरी असतं. घरातल्या ज्या माणसाला बोलू दिलं जात नाही त्याच्या जागेवर फोनमुळे ती काही क्षण जाऊन बसते. ते वाटणं झटकून टाकलं, "प्रोफेशनल राहा" म्हणून दाबलं, तर हातात आलेली सगळ्यात ताजी माहिती आपण फेकून दिली.

अर्थात याचा दुसरा टोकाचा वापरही मी पाहिलाय आणि तो मला भयंकर वाटतो. म्हणजे ट्रेनीने धाडस करून म्हटलं की तुम्ही मला सगळ्यांसमोर तोडून बोललात, मला त्रास झाला, तर त्यावर उत्तर येतं, की हा त्रास तुझा नाही, हा कुटुंबाचा तुझ्यात आलाय, विचार कर. कधीकधी राग हा नुसता राग असतो. सुपरव्हायझर उद्धट वागले म्हणून आलेला. त्याचा अर्थ लावत बसणं म्हणजे समोरच्याचं तोंड जरा विद्वान पद्धतीने बंद करणं.

आणि आपल्याकडे तोंड बंद करायला फार काही करावंही लागत नाही. योगायोग बघा, मोंताल्वोचा तो लेख आला त्याच वर्षी, १९७३ मध्येच, जसवंत सिंग नेकी यांनी गुरु-चेला नात्यावर एक लेख लिहिला. नेकी मानसोपचारतज्ज्ञ आणि पंजाबीतले कवी. त्यांचं म्हणणं पेशंटच्या संदर्भात होतं, की भारतीय पेशंट थेरपिस्टकडे ज्या नजरेने बघतो ती गुरूकडे बघायची नजर असू शकते आणि त्या नात्यात बरं करण्याची ताकद आहे. मला हा विचार आवडतो. पण ट्रेनिंगच्या खोल्यांमध्येही तोच गुरू येऊन बसलाय हे मात्र आम्ही कधी उघडपणे बोललो नाही. गुरुपौर्णिमेला माझ्या फोनवर ट्रेनींचे मेसेज येतात, मीही माझ्या मॅडमना करते, आणि मनापासून करते, ते प्रेम खरं असतं. फक्त त्या प्रेमात रागाला जागा नसते. गुरूवर रागवायचं कसं? मग तो राग दुसरीकडे जातो. फोनवरची सूचना ट्रेनी जशीच्या तशी, त्याच शब्दांत, सुपरव्हायझरच्याच आवाजात कुटुंबाला ऐकवून मोकळी होते, म्हणजे सांगितलं तसं केलं, आता तुम्ही आणि ते बघून घ्या. किंवा ती उशिरा यायला लागते. किंवा, आणि हे सगळ्यात वाईट, तो कुटुंबावर निघतो, आईला विचारलेल्या एखाद्या साध्या प्रश्नाला धार येते.

यात भाषेचं आणि वयाचं एक प्रकरण आहे, त्यावर मला जरा थांबायचंय. काचेमागच्या खोलीत चर्चा बहुतेक वेळा इंग्रजीत चालते. सूचनाही तशाच येतात. "चॅलेंज द फादर." आता फोन हातात धरलेली मुलगी चोवीस-पंचवीस वर्षांची, तालुक्याच्या गावातून आलेली, मराठी माध्यमातून शिकलेली, आणि समोर पंचावन्न वर्षांचे गृहस्थ, ज्यांना ती खोलीत आल्यापासून काका म्हणतेय. दोन सेकंदात तिला हे "चॅलेंज" अशा रीतीने करायचंय की काकांचा अपमान होणार नाही, काकू घाबरणार नाहीत, आणि काचेमागच्या खोलीला दिसलं पाहिजे की तिने ते केलं. मी अशा एका ट्रेनीला बोलताना ऐकलंय, "काका, घरात तिची सगळ्यात जास्त काळजी तुम्हालाच आहे हे दिसतंयच, मग आज एकदा तिचं बोलणं संपेपर्यंत थांबून बघता का?" मला विचाराल तर हे उत्तम होतं, काकांना थांबवलं आणि त्यांचा मानही राहिला. पण काचेमागे कुणीतरी पुटपुटलं, "शी सॉफ्टन्ड इट." नंतर ती मला म्हणाली, ताई, मला इतकं वाटत होतं की दार उघडून सांगावं, तुम्हीच या आणि बोला. हा राग म्हणजे तिचं शहाणपण होतं. तिला त्या घराची रीत आमच्यापेक्षा जास्त कळत होती, आणि तेच नेमकं तिच्या फीडबॅकमध्ये उणीव म्हणून जाणार होतं.

कुटुंबं काय करतात तेही सांगायला हवं. आपल्याकडची कुटुंबं त्या आरशाला फार पटकन घरातलं करून टाकतात. फोन ठेवला की आई विचारते, काय म्हणाल्या मोठ्या मॅडम? एका आजींनी तर मला विचारलं होतं की त्या आत एकट्या का बसल्यात, इकडेच बोलवा की. आजी प्रेमाने बोलल्या, आणि मला त्यांचा प्रश्न अतिशय योग्यही वाटला होता. पण "मोठ्या मॅडम" म्हटलं की समोर बसलेली आपोआप छोटी होते. मग सुपरव्हायझर आत आल्या, पाच मिनिटांत जे सुचवायचं ते सुचवलं, वडील खुर्चीत सैलावले, आणि ट्रेनीला एकाच वेळी हायसं वाटतं आणि आपण तिथे कशाला आहोत असंही वाटतं. ही दोन्ही एकत्र वाटणं फार दमवतं. सेशननंतर वॉशरूममध्ये जाऊन रडणाऱ्या मुली बहुतेक वेळा यामुळे रडत असतात, कुणी रागावलं म्हणून रडणाऱ्या त्या मानाने कमीच.

त्या आजींच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर नॉर्वेत कुणीतरी देऊन ठेवलंय. तिथे अगदी उत्तरेला ट्रॉम्सो नावाचं गाव आहे. १९८५ च्या मार्च महिन्यात तिथे मानसोपचारतज्ज्ञ टॉम आंदेर्सन आणि त्यांची टीम काचेमागे बसली होती आणि एक तरुण डॉक्टर एका खूप निराश कुटुंबाशी बोलत होता. टीम त्याला पुन्हा पुन्हा मागे बोलवून काहीतरी आशेचे प्रश्न देऊन पाठवायची, तो आत जायचा आणि कुटुंबाच्या निराशेत परत ओढला जायचा. शेवटी त्यांनी दार वाजवून विचारलं की आम्ही आपापसात बोलतो ते तुम्हाला ऐकायचंय का? कुटुंब हो म्हणालं. मग दिवे उलटे केले, कुटुंबाच्या खोलीत अंधार, टीमच्या खोलीत उजेड, आवाजही उलटा वळवला, आणि कुटुंब आणि तो डॉक्टर ऐकत बसले. यातूनच पुढे रिफ्लेक्टिंग टीम ही पद्धत जगभर गेली. आंदेर्सनने लिहून ठेवलंय की ही कल्पना त्यांच्या मनात आधीपासून होती पण धीर होत नव्हता, कारण काचेमागे माणसं कुटुंबांबद्दल जशी बोलतात तशी ती कुटुंबासमोर बोलली तर त्यांना लागेल अशी धास्ती होती.

मला या गोष्टीत सगळ्यात जास्त कोण आवडतं तर तो तरुण डॉक्टर. सारखा आत-बाहेर पळणारा. त्याला काय वाटत होतं याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही, सगळे त्या दिव्यांबद्दल लिहितात. पण त्या दिवशी कुटुंबाबरोबर त्याचीही सुटका झाली, त्याला पहिल्यांदा कुटुंबाच्या शेजारी बसून नुसतं ऐकता आलं. आणि काचेमागची आमची बोलणी तर विचारूच नका. मी तिथे ट्रेनी म्हणून बसलेय, मैत्रीण आत अडखळली की खोलीत एक बारीक हसू फिरतं, त्यात आज माझी पाळी नाही याचा आनंद असतो. कुटुंबाला ऐकवता येणार नाही असं काही काचेमागे बोलायचं नाही, हा नियम मी ट्रेनीच्या बाबतीतही लावते. तिला ऐकवता येणार नाही असंही काही बोलायचं नाही.

बाकी मी काय करते, तर फार मोठं काही नाही. सेशनआधी ट्रेनीबरोबर बसून ठरवतो की आज मी कशासाठी फोन करीन आणि कशासाठी करणार नाही. फोन वाजला आणि तिला वाटलं की आत्ता नको, तर तिने हात वर करायचा, मी ठेवून देते, आणि याचा नंतर जाब विचारत नाही. कुणाच्या जिवाला धोका असेल तेवढा एक अपवाद. सूचना मी मराठीत देते, निदान तसा प्रयत्न करते, कारण मग माझं मलाच कळतं की हे वाक्य काकांना म्हणण्यासारखं आहे की नाही. आणि सेशन संपल्यावर टेक्निकबद्दल बोलायच्या आधी तिला काय वाटलं ते, बॅचमधल्या बाकीच्यांनी तेव्हा गप्प बसायचं. पण "कसं वाटलं?" असं विचारून उपयोग नसतो. त्याला एकच उत्तर येतं, "छान मॅम, खूप शिकायला मिळालं." म्हणून मी रागाचं नाव घेऊनच विचारते, माझा राग कधी आला? आला का असं विचारत नाही, कधी आला असंच विचारते. पहिल्यांदा मुली दचकतात. मग एखादी म्हणते, दुसऱ्या फोनला. आणि मग खरं बोलणं सुरू होतं, कुटुंबाबद्दलचंही.

याने सगळं सुटतं असं नाही. मार्क मीच देते, इंटर्नशिपच्या शेवटी सही माझीच लागते, तेव्हा "राग कधी आला" या प्रश्नाला पूर्ण खरं उत्तर देणं तिला परवडणारं नसतं हे मला माहीत आहे. काही जणी मला बरं वाटावं म्हणून एक छोटासा, सोयीचा राग सांगतात. तोही मी घेते.

२०२० नंतर यात आणखी एक भर पडलीय, ऑनलाइन सेशन. काच नाही, आरसा नाही, मी कॅमेरा बंद करून एका काळ्या चौकोनात बसलेली, फक्त नाव दिसतंय, आणि फोनऐवजी चॅटमध्ये मेसेज. फोन निदान सगळ्यांना ऐकू यायचा, आई विचारू शकायची काय म्हणाल्या म्हणून. चॅटमधला मेसेज फक्त ट्रेनीला दिसतो, तिचे डोळे क्षणभर बाजूला सरकतात, आणि समोरच्या माणसाला वाटतं की ही माझं ऐकत नाहीये. परवा एक ट्रेनी म्हणाली की मॅम, तुमचा मेसेज येतो तेव्हा मला तुमचा राग येतोच, पण मी तो चेहऱ्यावर दाखवूच शकत नाही, कारण स्क्रीनवर मला माझा स्वतःचा चेहरा पण दिसत असतो. हे मला कधी सुचलंच नव्हतं. पुढच्या सेशनला तिने स्वतःचा चौकोन लपवून बघायचं आणि मी मेसेजऐवजी माइक चालू करून सगळ्यांसमोरच बोलायचं असं आम्ही ठरवलंय. त्या कुटुंबाला आधी विचारायला हवं, ते ती बुधवारी विचारणार आहे.